अर्धं सांगितलेलं पथ्य

पुणे, ८ जून २०२४

ती. प्रेमिलाताईस,
सुमंतचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. भाऊजींची शुगर वाढली आणि वजन ब्याण्णववर गेलं, हे वाचून काळजी वाटली. माझीही शुगर तशीच होती. चार महिने भात, पोळी, बटाटा बंद केला आणि अकरा किलो उतरलो. हे सगळं पोटात गेलं की साखरच होतं गं, आणि वापरलं नाही की चरबी होऊन बसतं. भाऊजींचा भात आजच बंद कर. ते रुसतील, तू विरघळू नकोस.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझा सुमंत

हुडकेश्वर, नागपूर, ४ ऑगस्ट

चि. सुमंत यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाऊजींचं वजन सात किलो उतरलं. पँट सैल झाल्या म्हणून खुश आहेत, पण चिडचिड फार करून राहिले. अकरा वाजले की घाम येते, हात थरथरतात, अन् घासभर भात दे वं म्हणतात. मले तर हे सारं भातासाठीचं नाटक वाटते. परवा शेजारून गोळाभात आला, तो मी लपवून ठेवला. इन्सुलिन मात्र पहिल्यासारखंच, दोन्ही वेळ न चुकता देते. तुझं ऐकलं ते बरं झालं.

पत्र पाठवत जा, बरं वाटते.
तुझी ताई

पुणे, १५ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.

दवाखान्यात चार दिवस तुझ्या शेजारी बसलो, पण हे तोंडाने बोलवलं नाही. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, खाणं बदललं पण इन्सुलिन तेवढंच राहिलं, म्हणून साखर एकदम उतरली आणि भाऊजी बेशुद्ध पडले. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घातली.

ताई, मी भात सोडला, त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरांनी माझ्या गोळ्या निम्म्या केल्या होत्या. ते मी तुला लिहिलं नाही. विसरलो म्हणता आलं असतं. खरं हे, की माझ्या निग्रहाचं कौतुक सांगताना मला त्यात डॉक्टर नको होते.

लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही.
सुमंत

हुडकेश्वर, २ ऑक्टोबर

चि. सुमंत, आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. राग आला, खोटं काहून सांगू? तू लिहिलं असतं तर मी डॉक्टरले विचारलं असतं. पण घाम तर मले दिसत होता. पोळ्याच्या सकाळी हे पलंगावर पडले, तेव्हा रुसून झोपले समजून तासभर मी हाकही मारली नाही. तो तास तुझा नाही, माझा आहे.

डॉक्टरांनी इन्सुलिन कमी केलं, अन् दोन्ही वेळ वाटीभर भात लावून दिला. शुगर, वजन आता चांगलं आहे. पण त्या बेशुद्धीपासून उजव्या हातात जोर नाही, माणसांची नावं विसरतात. दिवाळीले ये. माया आहेच.

या माणसानं जन्मात कोणाले विचारून घास घेतला नव्हता. आता ताट समोर आलं की हात मांडीवर ठेवून बसतात, अन् खाऊ का म्हणून मले विचारतात. मी हो म्हटल्याशिवाय भाताले हात लावत नाहीत.

तुझी ताई