मध्येच सोडलेला हात

मी, खाली सही करणारी, वय पंचाहत्तरच्या पुढे, धंदा वेताच्या खुर्च्या विणणे (हल्ली बोटं वाकल्यामुळे बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना ते हसत होते, पण शिक्का नीट उमटला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड नव्हती.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, थोडक्यात आटपा." एवढं आयुष्य काढलं, ते थोडक्यात कसं आटपू? ज्यांना घाई असेल त्यांनी चहा पिऊन यावं.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, वरचा माळा आणि मागचा नळ हे सगळं मी माझ्या सुनेच्या नावावर करते. मुलाच्या नाही. मुलगा घरात राहतो असं म्हणवत नाही. तो झोपायला येतो, आणि तेही रोज नाही. भिंतीला ओल आली, नळ गळला, नातीला ताप आला, सगळं सूनबाईने एकटीने निभावलं. मुलाने याचा राग मानू नये. मानायचाच असेल तर घरी बसून मानावा.

कलम दुसरे, माझी हत्यारं. वेत सोलायचा चाकू, लाकडी खुंट्या आणि टोच्या, ज्याला हवं त्याने न्यावं. माझ्या नातीवर, म्हणजे आमच्या भिंगरीवर, ती कोणी लादू नयेत. वेताची बैठक कितीही घट्ट विणा, काही वर्षांनी तिला झोळ पडतो आणि मग दुसरं कोणीतरी ती कापून नवी विणतं. मी लग्नाआधीपासून विणते आहे. बोटांची सालं निघाली, पाठ कामातून गेली. आज या शहरात माझ्या हातची एक तरी बैठक शिल्लक असेल का, देव जाणे. तेव्हा कष्ट केले की काम टिकतं, हे मला कोणी शिकवायला येऊ नये.

कलम तिसरे, हातांची मोठी खुर्ची. ही माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. त्यांना सगळी गल्ली 'निवांत' म्हणते आणि ते त्यांना शोभतं. भाऊजींनी जन्मात घाम गाळला नाही. आमच्या पॉलिशच्या कारखान्याच्या दारात बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं, आमच्या यांच्या, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाच्या डब्यातलं अर्धं खायचं. मी त्यांना तोंडावर ऐतखाऊ म्हटलेलं आहे आणि तो शब्द मागे घेत नाही. पण आमच्या घरात खुर्ची बनवणारे पुष्कळ झाले, खुर्चीत बसणारे तेवढे एकटेच. म्हणून खुर्ची त्यांची.

आता पुढचं कलम लिहायला मला जड जातं आहे. यात द्यायचं-घ्यायचं काही नाही. वकीलसाहेब म्हणतात, मग ते मृत्युपत्रात नको. मी म्हणते, असू द्या.

वाचनालयातलं मोठं टेबल. ते यांनी बनवलं, हे मुलाला ठाऊक आहे. तो गिऱ्हाइकांना तिथे घेऊन जातो, फळीवरून हात फिरवायला लावतो आणि म्हणतो, "बघा, आमच्या बाबांचं काम. इतकी वर्षं झाली, आहे कुठे जोड?" जोड नाहीच. मी स्वतः दर वर्षी जाऊन शोधते. वाचायला आल्यासारखी पुस्तक घेऊन बसते आणि उजेडात मान तिरकी करून इकडून तिकडे बघते. कुठेही नाही.

चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशचं असं असतं. कापडाचा बोळा एका टोकाला ठेवला की दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता जायचं. मध्ये थांबलं की ओली कड सुकते आणि तिथे डाग पडतो, तोच जोड. पॉलिशच्या एका थराला आमच्या धंद्यात 'हात' म्हणतात. "अजून एक हात मारतो आणि येतो," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले. जेवणं त्यात गार झाली, पाहुणे त्यात परत गेले. मी चिडायची, पण मनातून अभिमानही वाटायचा. असा कारागीर सगळ्यांच्या नशिबी नसतो.

बाळा, तुला एक थोरली बहीण होती आणि ती तापाने गेली, एवढंच तुला माहीत आहे. तू पाळण्यात होतास. बाकीचं यांनी कधी तुला सांगू दिलं नाही, आणि हे गेल्यावर माझ्याच्याने सांगवलं नाही. त्या दुपारी पोरीचे डोळे फिरायला लागले. मी भाऊजींना कारखान्यात पाठवलं. निवांत माणूस, पण त्या दिवशी एक चप्पल रस्त्यात टाकून धावला. हे वाचनालयाच्या टेबलावर शेवटचा हात मारत होते, अर्ध्यावर आले होते. म्हणाले, "एवढा हात संपवतो. आता सोडला तर जोड दिसेल. तू हो पुढे, मी आलोच." पोरगी मला विचारत होती, "बाबा आले?" मी म्हणत होते, "येताहेत गं, येताहेत, कोपऱ्यावर आहेत." तेवढ्यात ती गेली. हे आले तेव्हा यांचे हात अजून चिकट होते. त्या हातांनी तिला उचलताही येईना.

यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि त्या वाचनालयाची पायरीही चढले नाहीत. त्यानंतर दुप्पट काम केलं. लोक म्हणाले, काय जिद्द आहे! जिद्द कसली डोंबलाची. घरी यायची भीती होती ती. मला यांचा राग होता, अजून आहे, आणि यांची आठवण आली नाही असा दिवसही जात नाही. दोन्ही लिहून ठेवते.

कलम पाचवे, त्या कामाचा ठेकेदार. टेबलाखालच्या पितळी पाटीवर त्याने स्वतःचं नाव कोरून घेतलं. त्याच्या वारसांना मी एक वापरलेला पॉलिश पेपर देते. पाटीवर घासून बघावा, खाली काय निघतं ते.

कलम सहावे, कारखाना. तो मुलाचाच, त्यात वाद नाही. त्याला यांचा हात आहे, नजर आहे, आणि दुर्दैवाने यांचा स्वभावही आहे. तो मला नेहमी म्हणतो, "आई, कष्टाशिवाय काही टिकत नाही. बाबांचं टेबल बघ." मग भाऊजी दारातून म्हणतात, "टिकून कोणाचं भलं झालंय रे?" मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. भाऊजी, त्या टेबलावर बसून कितीतरी गरिबांची पोरं शिकली. त्यांचं भलं झालं की. आणि बाळा, कष्ट लागतात, मी खोटं लिहिणार नाही. यांनी जीव ओतला नसता तर ते टेबल केव्हाच भंगारात गेलं असतं. पण त्याच्यापायी काय काय गेलं, ते त्या फळीवर दिसत नाही. यांनी दिसू दिलं नाही, म्हणून तर लोक त्याला चांगलं काम म्हणतात.

गेल्या थंडीत मला घेरी आली आणि मी मोरीत पडले. सूनबाईने तुला फोन केला. फोन मोठ्याने चालू होता, मी खाली पडल्या पडल्या ऐकत होते. तू म्हणालास, "एवढा हात संपवतो, आलोच." तू आलास तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. तुला वाटलं, म्हातारी रुसली. नाही रे. मला त्या पोरीचा आवाज ऐकू येत होता. उद्या तुझी भिंगरी असंच विचारेल आणि सूनबाईला माझ्यासारखं खोटं बोलावं लागेल, याची मला धास्ती बसली आहे. मरणाची नाही.

म्हणून शेवटचं कलम. वकीलसाहेब म्हणाले, हे कायद्यात बसत नाही, आणि मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. गेल्यावर वाचून मला काय उपयोग? याची एक प्रत भाऊजींनी आजच कारखान्यात न्यावी, मुलाच्या हातातला बोळा काढून घ्यावा, त्याला बसवावं आणि वाचून दाखवावी.

बँकेतली माझी सगळी शिल्लक बाजूला ठेवावी. माझं खरंच जवळ आलं की सूनबाई तुला फोन करेल. त्या वेळी तू ज्या कशावर हात मारत असशील, कपाट असो, टेबल असो, कितीही मोठ्या माणसाचं असो, ते आहे तिथे सोडून यायचं. डबा झाकायचा नाही. हात धुवायचे नाहीत. तसेच चिकट घेऊन ये, मला चालतील. जोड दिसेल, तर दिसू दे. गिऱ्हाइकाची भरपाई माझ्या शिलकीतून करावी आणि तो जिन्नस दुरुस्त न करता घरी आणावा. भिंगरीने तो वापरावा. आणि कोणी विचारलं, एवढ्या चांगल्या कामावर हा डाग कसला, तर तिने सांगावं, "त्या दिवशी माझे बाबा वेळेवर घरी आले होते."

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझाच आहे, आणि त्यातलं एक अक्षरही कोणी गाळू नये.

लिहून देणार: पॉलिशवाल्यांची बायको, वेतकाम करणारी (सही वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार: डॉक्टर, खालच्या मजल्यावरचा दवाखाना
साक्षीदार: शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही करताना रडल्या, म्हणून शाई फुटली आहे)

स्थळ: राहत्या घरी, मागची खोली
दिनांक: आज, मंगळवार, सकाळी. मुलगा कामावर गेला आहे.