पाण्यात न उतरणारा प्रवासी

कॉव्हेंट्री,
१४ सप्टेंबर २०२५

चि. मृणाल हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझा फोन दोनदा येऊन गेला. मी तो मुद्दाम उचलला नाही. जे सांगायचे आहे ते सलग सांगायचे आहे, आणि फोनवर तू मला एकही वाक्य पूर्ण करू देत नाहीस. व्हॉट्सॅपवर कळवता आले असते; परंतु तिथे तुझ्या हरीशदादांचे सुप्रभातही येते, त्यामुळे त्या जागी महत्त्वाचे काही लिहू नये असे माझे मत झाले आहे.

माझी प्रकृती ठीक आहे. रचना गेल्यापासून शेजारच्या बाई दर रविवारी लझान्याचा डबा आणून देतात. त्यांना थांबवावे कसे, हे कळत नाही.

आता मुख्य विषय. तू आणि तुझ्या ताईने मालदीवच्या डायव्हिंगच्या सफरीचा बेत केला होता. आठवडाभर बोटीवरच राहायचे, तिथेच जेवायचे-झोपायचे, आणि दिवसातून तीनदा सिलिंडर पाठीला लावून समुद्रात उतरायचे. तो बेत तिच्या आजारपणामुळे राहून गेला. येत्या १९ फेब्रुवारीस तिचा प्रथम स्मृतिदिन आहे. तो दिवस मी अशाच एका बोटीवर घालवणार आहे, आणि स्वतः पाण्यात उतरणार आहे. तूही यावेस.

मी इथल्या क्रीडाकेंद्राच्या पोहण्याच्या तलावात शिकवणी लावली आहे. शिकवणाऱ्या शीला. नाव आपल्याकडचे वाटले तरी बाई यॉर्कशरच्या आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना बूड उचलून तरंगणे कसे जमवतात असे विचारले. त्या म्हणाल्या, आधी कठडा सोडा.

तीन बोटी निवडून काढल्या आहेत. क्रमांक एक व तीन मालदीवच्या, क्रमांक दोन इंडोनेशियाची. माहितीपत्रके सोबत जोडली आहेत. तुला अनुभव असल्याने तुझा अभिप्राय हवा. उत्तर पोस्टाने दिल्यास बरे.

लोभ पूर्ववत् चालू आहे असे गृहीत धरतो.

तुझा,
राजेंद्र मेश्राम

ग्लासगो,
२१ सप्टेंबर

आ. भाऊजी,
सप्रेम जयभीम!

पत्र मिळालं. पत्ता इतका सरळ रेषेत लिहिला होता की उघडेपर्यंत मला वाटलं टॅक्सवाल्यांची नोटीस आहे. आणि स्वतःच्या मेहुणीला पत्र लिहिताना खाली आडनावासकट सही? मी दुसरा कुठला राजेंद्र समजले असते का?

भाऊजी, तुम्ही आणि पाण्यात? इतकी वर्षं आम्ही दोघी तुमच्याकडच्या त्या पाणी भरलेल्या दगडाच्या खाणीत डाइव्ह करायचो, आणि तुम्ही कार पार्कमध्ये काचा वर करून बसायचात. म्हणे कुणीतरी चाव्या सांभाळायला हव्यात. आम्ही कुडकुडत बाहेर आलो की बॉनेटवर दोन कप तयार. माझा दोन चमचे साखरेचा, ताईचा बिनसाखरेचा. एकदा चुकून मी तिचा उचलला, तेव्हा मी काय म्हणाले होते आठवतंय ना? हा चहा नाही, शिक्षा आहे. ताई अजून हसली असती.

आता मस्करी बाजूला. मी जीपी आहे, रोज माणसं बघते. साठी उलटलेला गृहस्थ, बायको जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही, आयुष्यात कधी पोहला नाही, आणि एकदम म्हणतो की तिच्या स्मृतिदिनाला मला समुद्राखाली जायचंय. तुम्ही पेशंट म्हणून समोर बसला असतात तर मी जे आधी विचारलं असतं तेच विचारते. भाऊजी, तुम्ही परत वर येणार आहात ना? बोटीबिटी नंतर. आधी ह्याचं उत्तर द्या.

माझं म्हणाल तर मी येणार नाही. ताई गेल्यापासून मी पाण्यात पाय घातलेला नाही. डायव्हिंग जोडीनं करतात. एकीची हवा संपली तर दुसरीनं आपली द्यायची, म्हणून. माझी जोडीदार गेली. किट लॉफ्टवर टाकलंय. विषय संपला.

आणि दादाला इतक्यात काही बोलू नका. त्यानं वॉटफर्डला हॉल बघून ठेवलाय. बुद्धवंदना, भाषणं, जेवणाची दीडशे पानं.

लोभ आहेच, काळजी जास्त आहे.

तुमची,
मृणाल (आडनाव तुम्हाला माहीत आहे)

कॉव्हेंट्री,
२८ सप्टेंबर

चि. मृणाल हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: होय, वर येणार आहे. जाण्याच्या विमानाआधी मी परतीचे विमान पाहून ठेवले आहे. शिवाय परतल्यानंतरच्या आठवड्यात घरातील बॉयलरचे वार्षिक सर्व्हिसिंग ठरलेले आहे. सारी हयात बॉयलर तपासण्यात काढलेल्या माणसाने ते चुकवणे शोभणार नाही. तू सरळ विचारलेस याबद्दल आभारी आहे. बाकी सर्वजण लझान्या आणतात.

आता कारण सांगतो. हॉस्पिसमध्ये असताना रचनाने मला दोन सूचना दिल्या. पहिली, कुंड्यांना फार पाणी घालू नये. दुसरी, मृणालला काठावर बसू देऊ नये. पहिली मी अमलात आणली आहे. दुसरी कशी अमलात आणायची हे तिने सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती विचारण्याच्या स्थितीत नव्हती. जोडीदाराशिवाय तू उतरणार नाहीस हे मला ठाऊक होते. तू आता ते लेखी दिले आहेस. तेव्हा जोडीदार उपलब्ध करून देणे एवढाच उपाय उरतो. दुसरा उमेदवार दिसेना, म्हणून मी शिकतो आहे. मी चांगला जोडीदार होईन असा माझा दावा नाही. सिलिंडर मात्र माझ्याइतके बारकाईने कोणी तपासणार नाही.

बोटींविषयी. तिन्ही बोटवाल्यांना मी काही प्रश्न पाठवले होते. रात्री सर्व झोपल्यावर एक माणूस जागा असतो काय; खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे काय; बॅटऱ्या कोठे चार्ज करतात; सिलिंडर भरण्याचा कॉम्प्रेसर झोपण्याच्या जागेपासून किती दूर आहे. बोट क्रमांक एकने उत्तरादाखल रंगीत पेयांची छायाचित्रे पाठवली. क्रमांक दोनने कळवले की आमचे पाहुणे सहसा असे प्रश्न विचारत नाहीत. क्रमांक तीनच्या कप्तानाने स्वतः कागदावर दोन्ही वाटांचे रेखाचित्र काढून पाठवले. त्यांचा कॉम्प्रेसर धोणी नावाच्या वेगळ्याच होडीवर असतो, आणि डायव्हिंगही त्या धोणीवरूनच होते. ही व्यवस्था वाचून मला समाधान वाटले.

खाली आडनावाला जागा पुरली नाही. लोभाबद्दल शंका नाही.

तुझा,
राजेंद्र

ग्लासगो,
६ ऑक्टोबर

आ. भाऊजी,
सप्रेम जयभीम.

पत्र दवाखान्याच्या पार्किंगमध्ये वाचलं. मग पहिल्या पेशंटला बराच वेळ थांबावं लागलं.

तुमच्यावर रागवायचं होतं. दोन दिवस रागावून बघितलं. कुणालाही विचारल्याशिवाय तुम्ही माझे जोडीदार व्हायला निघालात, तेही पासष्टाव्या वर्षी, कठडा धरून! आणि ताईनं हे मला न सांगता तुम्हाला सांगितलं. तिला माहीत होतं, मला सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

तुम्हाला ती कधी आमच्या आजीचं बोलली होती का? कांताबाई आजीला गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन काठापासून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतेल त्याची वाट बघायची. ताई पहिल्यांदा खाणीच्या तळाला टेकून वर आली ना, तेव्हा मास्क काढून म्हणाली, मृणाल, आजीच्या नावानं तळ बघून आले, आता काठावर उभं राहणं आपल्या घरातून बंद. मी तेव्हा हसले होते. डोक्यावर शेवाळ घेऊन कुणी इतकं मोठं बोलतं का?

असो. बोट नंबर एक ताईनं पसंत केली होती, माहीत आहे ना? वरच्या डेकवर झोपाळे आहेत म्हणून. तुम्ही तिची निवड नापास केलीत! दोन मीही नापास करते. तिकडचे प्रवाह नवशिक्याला झेपणारे नाहीत. तीनचा मार्ग शांत पाण्यातून जातो आणि फेब्रुवारीत मांटा दिसायचा चान्स चांगला. मांटा म्हणजे तो मोठ्या पंखांचा मासा, ताईच्या फ्रिजवर चिकटवलेला. तेव्हा तीन.

मी येते. पण डेकवर बसायला. तुम्ही गाईडबरोबर उतरा, मी वरून हात हलवीन. इतकंच.

दादाला मी फोन केला. तो म्हणाला, स्मृतिदिन म्हणजे सुट्टी आहे का, आणि लोकांना काय सांगायचं, पाहुणे पोहायला गेलेत? मग म्हणाला, भाऊजींना पोहता कधीपासून येतं? शेवटी हॉल एप्रिलमध्ये ढकलला, पण फोन ठेवताना जयभीम म्हणाला नाही.

लोभ असू द्या. कठडा सोडा.

मृणाल

कॉव्हेंट्री,
३० नोव्हेंबर

चि. मृणाल हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बोट क्रमांक एक मी रचनाच्या हयातीतही नापासच केली असती. ते तिला ठाऊक होते. म्हणूनच तिने मला माहितीपत्रक दाखवले नव्हते.

एक वाईट बातमी द्यावयाची आहे. कठडा सुटला. मास्कमध्ये शिरलेले पाणी बाहेर काढणे जमले. शीलाबाई माझ्या सिलिंडर-तपासणीचे इतर विद्यार्थ्यांना उदाहरण देऊ लागल्या. परंतु तलावाच्या खोल टोकाशी गेले की डाव्या कानात कळ येते. नाक दाबून कानात हवा सोडतात, तो प्रकार त्या कानाला कबूल नाही. नागपुरास लहानपणी तो फार वाहत असे, एकदा शस्त्रक्रियाही झाली होती. येथील कानाच्या डॉक्टरांनी आत पाहिले आणि सांगितले की तुम्ही समुद्रावर जा, समुद्रात जाऊ नका. या वयात हा पडदा दाब सोसणार नाही. दाबाविषयी मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. जे भांडे तपासणीत नापास होते ते वापरातून काढायचे, हा नियम मी इतरांना आयुष्यभर लावला.

त्यामुळे तुला जोडीदार देण्याचे माझ्याकडून होत नाही. याचे मला वाईट वाटते. याहून जास्त लिहिता येत नाही.

कप्तानास कळवले. त्यांच्याकडे माझ्यासारख्यांसाठी वेगळी वर्गवारी आहे: पाण्यात न उतरणारा प्रवासी. तूही त्याच वर्गात असल्याने आता डायव्हिंगच्या बोटीवर आपण दोघे केवळ जेवायला जाणार आहोत. कप्तानाने अत्यंत सभ्यपणे विचारले आहे की आपली बोट निवडण्यात काही गैरसमज तर झालेला नाही ना.

सफर रद्द करावयाची असल्यास तसे कळव. माझे म्हणशील तर मी जाईन. काठाशी थांबून राहण्याचा मला अनुभव आहे.

लोभ ठेवावास, कान नादुरुस्त असला तरी.

तुझा,
राजेंद्र

ग्लासगो,
८ डिसेंबर

आ. भाऊजी,
सप्रेम जयभीम.

रद्दबिद्द काही करायचं नाही. कानाचा रिपोर्ट मला पाठवा, आणि डाव्या कानात तेल घालू नका. तुमच्या आईनं सांगितलं होतं म्हणून तुम्ही अजून घालता, हे ताईनं मला सांगितलेलं आहे.

तुमचं होत नाही असं परत लिहू नका. पासष्टाव्या वर्षी तुम्ही कठडा सोडलात. मी तर पाण्याच्या वासानं गाडी वळवते.

लॉफ्टवरून किट खाली काढलं. हवेचा रेग्युलेटर सर्व्हिसिंगला टाकलाय. ह्याचा काही अर्थ काढू नका. वापरात नसलेल्या उपकरणाचीही वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरता.

चहाचा फ्लास्क मात्र आणू नका. तिथे तीस डिग्री असतं.

लोभ आहे तिथेच आहे.

मृणाल

बोटीवरून, मालदीव,
२० फेब्रुवारी २०२६

आ. हरीशराव यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र आपल्याला आम्ही परतल्यावरच मिळेल. तरीही कालच्या दिवसाचा वृत्तांत आजच लिहून ठेवणे योग्य वाटले. आपली नाराजी मला मान्य आहे. एप्रिलमधील कार्यक्रमास मी उपस्थित राहीन आणि सांगाल ती खुर्ची उचलीन.

रचनाचा प्रथम स्मृतिदिन व्यवस्थित पार पडला. सकाळी माझ्या केबिनमध्ये दार लोटून मृणालने आणि मी त्रिशरण-पंचशील म्हटले. रचनाचा फोटो उशीला टेकवून ठेवला होता. बोट हलत असल्याने तो मृणालने हाताने धरला. येथील आचारी श्रीलंकेचे आहेत. ते ट्रे घेऊन दाराबाहेर थांबले होते, हे शेवटी आमच्या साधु-साधु-साधु मध्ये तिसरा आवाज मिसळला तेव्हा कळले.

नंतर इतर प्रवासी धोणीवर जाऊ लागले. पहिले चार दिवस आम्ही दोघे डेकवर बसून होतो. मृणाल कादंबरी वाचत असे. तिचे पान मी एकदाही उलटताना पाहिले नाही. काल ती उठली आणि पेटी उघडून किट चढवू लागली. मी काही बोललो असतो तर ती पुन्हा बसली असती, असा तुमच्या घराण्याचा मला अनुभव आहे. प्रवाशांत वेल्सच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या यजमानांना सर्दी झाल्याने त्याही जोडीदाराविना होत्या. दोघींनी एकमेकींचे पट्टे आणि हवा तपासली. मृणालचे सिलिंडर मी त्याआधीच तपासले होते, परवाही तपासले होते.

मीही धोणीवर गेलो. तिथे मागच्या बाजूस पाण्यालगत एक फळी असते, तिच्यावरून सर्व उड्या टाकतात. मृणाल फळीवर बराच वेळ उभी राहिली. मग मास्क वर करून तिने मला विचारले की चाव्या सांभाळाल ना. बोटीला चाव्या नसतात. मी होय म्हटले. ती उतरली.

थोड्या वेळाने मी त्या फळीवर जाऊन उभा राहिलो. लाटेने बूट भिजले. एका खलाशाने मला आत बसण्याची विनंती केली. मी त्यांना इंग्रजीत समजावले की माझे काम इथेच आहे.

मृणाल वर आली ती बरीच लांब. सर्व ठीक असल्यास हात डोक्यावर गोल टेकवायचा, अशी पद्धत आहे. तिने तसे केले. ती खूण पाहणाऱ्याने तीच खूण परत द्यायची असते, म्हणून मीही केले. फळीला धरण्यासारखे काही नव्हते हे नंतर माझ्या लक्षात आले.

मांटा दिसला. त्याविषयी ती आपल्याला फोनवर सांगेल. रडू आवरले की नीट सांगते.

मी कॉव्हेंट्रीहून फ्लास्क आणला होता. उकाड्यामुळे सर्वजण त्याला हसत होते, आणि आचाऱ्यांनी शहाळे देऊ केले. परंतु ती बाहेर आली तेव्हा थरथरत होती. खाणीवर करीत असे तसे मी बाकावर दोन कप भरले, एक दोन चमचे साखरेचा आणि एक बिनसाखरेचा. दुसरा भरून झाल्यावर तो कोणासाठी भरला हे मला समजले, आणि तो हातात घेऊन काय करावे हे समजेना.

मृणालने आपला कप संपवला. मग माझ्या हातातला दुसरा घेतला आणि तोही शेवटपर्यंत प्यायली.

आज ती पुन्हा खाली गेली आहे. वर येण्याची वेळ होत आली, म्हणून इथे थांबतो. आपण सर्वांनी लोभ ठेवावा. तो इथपर्यंत पोहोचतो.

आपला,
राजेंद्र