उलटे बाण

प्रिय धाकट्या,

एकवीस वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, हे पाकीट हातात घेतानाच तू ओळखलं असशील. मास्तर गेले. गेल्या मंगळवारी, दुपारी. तुरुंगातून आणलेला खोकला शेवटपर्यंत सोबतीला होता. जन्मभर अक्षरं जुळवली रे त्यांनी. शेवटी शेवटी पांघरुणावरही छपाईचे खिळे उचलल्यासारखी बोटं हलायची. मला बघवत नव्हतं.

छापखाना चालू आहे. यंत्र नवं आलं, पण कुलूप तेच आणि किल्ल्या सातच. पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस, इथला मालक कोण, आणि सगळे हसले होते. ‘मुक्ततावादी समाजवाद’ म्हणताना तुझी जीभ अडखळायची. मग मास्तरांनी तुझ्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, एवढंच समज, शेठ नको, आणि शेठला हाकलून त्याच्याच खुर्चीत बसणारा साहेबही नको. काम सगळ्यांचं, किल्ली सगळ्यांकडे, आणि एक हात जरी खाली राहिला तरी ठराव नाही. त्यावर तू म्हणालास, मग आमच्या ताईसारखी हट्टी बाई असली की छापखाना बंदच.

हुकूमशाही मागणारे ते लोक भिंतीभिंतींवर त्यांचं चिन्ह रंगवायला लागले, तेव्हा शहरात जो तो त्यावर तीन बाण मारायचा, वरून खाली, डावीकडे रोखलेले. मास्तर म्हणायचे, चिन्ह असं हवं की घाबरलेल्या माणसालाही खडूने पटकन काढता यावं. आपल्या पत्रकासाठी लाकडी ठसा मी कोरला. पंधरा वर्षं ठसे कोरलेली मी, आणि घाईत उलटा कोरायचा तो सरळच कोरून बसले. छापल्यावर बाण उजवीकडे वळले. पत्रकं भिंतीवर लागल्यावर माझ्या लक्षात आलं. म्हटलं, मरू दे, कोण बघतंय.

पोलिसांनी बघितलं. चौकशीला नेल्यावर साहेबाने माझ्यापुढे एका पावतीपुस्तकाचा पुठ्ठा टाकला. पुढे आपल्या छापखान्याचं नाव, मागे माझाच चाचणीचा ठसा. रद्दी समजून तो पुठ्ठा मीच बांधणीला दिला होता. अख्ख्या शहरात उजवीकडचे बाण फक्त आपले होते.

मास्तरांनी सगळं अंगावर घेतलं आणि चार वर्षं आत गेले. तुलाही पकडलं होतं, पण दोन दिवसांत सोडलं, आणि तेवढ्यावरून खबर तूच दिलीस अशी कुजबुज सुरू झाली. तुला काढायची बैठक झाली तेव्हा तू बाहेर पायरीवर बसला होतास, आत आम्ही पाच जण. चार हात वर झाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा एक हात खाली राहिला असता तर तू राहिला असतास. धाकट्या, मी हात वर केला. मास्तर माझ्यामुळे आत गेले हे कळलं तर काय, या भीतीने केला. हुकूमशाहीविरुद्ध ठसे कोरणारी तुझी ताई भेकड निघाली. किल्ली टेबलावर ठेवताना तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. आई गेली तेव्हासुद्धा मी दुसऱ्याकरवी निरोप धाडला.

त्याच मंगळवारी सकाळी मास्तरांना सगळं सांगितलं. आधी खोकल्याची उबळ ओसरू दिली. मग म्हणाले, मला काय सांगतेस, बैठकीत सांग आणि त्याला सांग. काल बैठकीत सांगितलं. तुझ्यावरचा ठराव रद्द झाला, सगळ्यांचे हात वर होते. मग मला काढायचं का यावर हात मागितले, तेव्हा मास्तरांच्या सुनेने एकटीने हात खाली ठेवला. सासरे ज्या बाईमुळे तुरुंगात गेले, तिच्यासाठी. म्हणून मी अजून तिथे आहे. मास्तरांची किल्ली आता तिच्याकडे असते. या पाकिटात आहे ती माझी, तुझ्यासाठी. येशील की नाही, ते तू ठरव. मी सकाळी लवकर जाते आणि कुणी येऊन दार उघडेपर्यंत बाहेर पायरीवर बसते, तू बसला होतास तिथेच.

तुझीच,
ताई म्हणवत असेल तर ताई