पाहुण्यांसाठी उघडलेला स्टुडिओ

जबलपूर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. तब्येत ठीक आहे, डोकं ठिकाणावर नाही.

काल आमचा पत्रकारितेचा कोर्स तपासायला समिती आली. तीन वर्षं कुलपात असलेला स्टुडिओ सरांनी उघडला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचे कॅमेरे आणून मांडले, अन् मला म्हणाले, "बेटा, बोलना रोज यहीं प्रैक्टिकल होता है."

समितीनं नेमकं मलाच विचारलं. मी सांगितलं, आज पहिल्यांदाच आत आली.

खोटंच बोलायचं होतं तर पत्रकारिता काहून शिकून राहिलो आम्ही?

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नका.

कॉलेजातून तुम्हाला फोन येईल. सवयीप्रमाणे माझ्यावतीनं माफी मागाल, तर दिवाळीत मी घरी येणार नाही.

तुमचीच,
गीतांजली