भेसळ

मंगळवार, ४ मार्च
पंधरा दिवस काही लिहिलं नाही, माफ कर. वहीबाई, तू उशालाच होतीस, पण लिहायला हात उठत नव्हता. लेकीचा शेवटचा फोन आला त्यालाही तेवढेच दिवस झाले. "बाबा, एकदा घरी येऊन जा." मी म्हटलं, त्या घरात पाऊल ठेवणार नाही. तेव्हापासून ती फोन उचलत नाही. रागच, दुसरं काय!

गुरुवार, ६ मार्च
कपाट आवरताना तिची कॉलेजची वही सापडली. वर लिहिलंय — अर्धवाहक. मी चाळीस वर्षं वायरमन. तांब्याची तार वीज नेते, वरचं प्लास्टिक अडवतं. मला दोनच जाती ठाऊक. तिला चिडवायचो, "अर्धवट वस्तू शिकतेस, पगारही अर्धाच मिळेल." ती म्हणायची, "बाबा, तुमची तार तापली की वीज न्यायला कुरकुरते. माझं सिलिकॉन तापलं की जास्त नेतं. मग अर्धवट कोण?"

रविवार, ९ मार्च
शाळा पाचवीत सुटली, म्हणून तिची वही बोट ठेवून वाचतोय. शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेम जाते. त्यात दुसऱ्या पदार्थाचा कण मिसळायचा, लाखो अणूंमागे एखादा, की ते कामाचं होतं. पुढे तिच्याच अक्षरात — "म्हणजे भेसळ! बाबांना सांगणे."

सांगितलंही असेल. माझं लक्ष नसेल. भेसळ म्हणजे वाईटच, एवढंच मला कळायचं. चार वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या समाजातला मुलगा घरी आणला, तेव्हा भरल्या घरात मी तोच शब्द काढला. "आमच्या घराण्यात भेसळ नको." तो दारातच उभा होता, हातात फळांची पिशवी. ती त्याला म्हणाली, "चल, निघू." पिशवी मात्र ठेवून गेली.

मंगळवार, ११ मार्च
फोन नाही. चार्जर बदलला. शेजारणीला माझा नंबर लावायला सांगितला. वाजला. "काका, फोन ठणठणीत आहे. बिघाड तुमच्यात आहे."

बुधवार, १२ मार्च
तिच्या नवऱ्याचा फोन आला. तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बेशुद्ध आहे. आज एकोणीस दिवस. "बाबांना सांगू नकोस, घाबरतील," असं तिनंच बजावलं होतं. मला ये म्हणत होती, ते ऑपरेशनच्या आधी.

मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही जेवलात का?" तो रडायला लागला.

मी येतोय. पण गाडी उद्या सकाळची आहे. जावईबापू, तोवर तिनं डोळे उघडले तर कळवा. नाही उघडले तरी कळवा. लवकर कळवा.