दुसरं पिवळं कार्ड

करामा, दुबई
रविवार दुपार

प्रिय लॉरा,

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसती हं हं करत राहिले. तू म्हणालीस, “इनेज, या आख्ख्या लीगमध्ये माझं म्हणावं असं तूच एक माणूस आहेस.” त्यानंतर मला जेवण गेलं नाही. समोर बोलायला लागले की तुझ्यापुढे मी मऊ पडते, म्हणून लिहितेय.

आपल्या कॉलेजची फुटबॉल फायनल तुला आठवत असेलच, गोल तू केला होतास. मला आठवते त्या दिवसाची सकाळ. चेंजिंग रूममध्ये मी तुला सुजलेला गुडघा दाखवला. क्रेप बँडेज तूच घट्ट बांधलंस, “कुणाला कळणार नाही,” म्हणालीस. वीस मिनिटांनी, मॅच सुरू व्हायच्या आधीच, कोचने मला बाहेर बसवलं आणि माझ्या जागी तुला घेतलं. गुडघ्याचं कुणी सांगितलं, हे त्यांनी लपवलंही नाही. डॅडी तेव्हा इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीत पॅकिंगला होते. सुपरवायझरच्या हातापाया पडून सुट्टी घेतली, दोन बस बदलल्या आणि मला पहिल्यांदा खेळताना बघायला आले. मी राखीव खेळाडूंचं जॅकेट घालून बाकावर. परतताना एवढंच म्हणाले, “बाय, ते जॅकेट छान दिसत होतं तुला.” दुसऱ्या वर्षी ते वसईला गेले आणि तिथेच वारले. मला खेळताना त्यांनी कधीच बघितलं नाही.

त्या गोलवर तुला शाळेत कोचची नोकरी लागली. मला त्यासाठी आणखी सहा वर्षं घासावी लागली. दर नाताळला आपण एकमेकींकडे जेवतो. बारा वर्षांत तू त्या सकाळचा विषय काढला नाहीस. मीही वाट बघत राहिले.

गुरुवारी पुन्हा फायनल, या वेळी तुझ्या पोरी विरुद्ध माझ्या. तुझ्या ताजबीने दोन गोल मारले, आम्ही दोन-एकने हरलो. तू कप उचललास, ताजबीच्या आईवडिलांना फोटोसाठी खाली बोलावलंस. आणि काल कमिटीने निकाल फिरवला: सेमीफायनलला ताजबीला या लीगमधलं दुसरं पिवळं कार्ड मिळालं होतं, दोन कार्डांवर पुढच्या मॅचची बंदी, म्हणजे फायनल खेळायची तिला परवानगीच नव्हती. कप आम्हाला. कमिटीच्या ऑफिसबाहेर ती मला भेटली. “मिस, डिड आय डू समथिंग राँग?” विचारत होती. “नो, बेटा,” म्हटलं. तिचे डोळे अजून समोरून जात नाहीत, तेवढं एक मला लागलंय.

तुला वाटतंय की लीगचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या अन्वरभाईंनी डूख धरून कमिटीला सांगितलं, आणि तू त्यांची तक्रार करणार आहेस. करू नकोस. त्यांना पोरंबाळं आहेत, नोकरी जाईल. मॅचच्या तासभर आधी तुझ्या टीमची यादी माझ्या हातात आली, तेव्हाच मी ताजबीचं नाव वाचलं. तू दहा पावलांवर एका पोरीच्या बुटाची नाडी बांधत होतीस. एक हाक मारली असती तर तू यादी बदलली असतीस. मी मारली नाही. तुझे फोटो होऊ दिले आणि मग तक्रारीचा कागद कमिटीच्या टेबलावर ठेवला. खाली सही माझी आहे. मला माफी नको आणि तुझी मागायचीही नाही. उद्या दहा वाजता कप परत करायला ताजबीला पाठवू नकोस. तू ये. मला तो तुझ्याच हातून घ्यायचाय.

तुझीच,
इनेज