देव्हाऱ्यातला चारमिनार
शुक्रवार, संध्याकाळ. बल्लारपूर

रफिकभाईंनी आपल्या संग्रहातला निजामाच्या काळातला चांदीचा रुपया मले फक्त पाहाले दिला होता. धनतेरसले आईनं तोच लक्ष्मी म्हणून देव्हाऱ्यात ठेवला. नाण्यावरच्या चारमिनारात हळद भरली. मागितला, तर म्हणते, "पूजलेली लक्ष्मी कोणी घराबाहेर देते का?"

आज रफिकभाई वरोऱ्याहून आले. आता मागतील म्हणून मी तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत बसलो. त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली, त्या हळदीवर थांबली. आईले म्हणाले, "बाई, पूजा छान मांडली." चहा घेतला आणि निघून गेले.

काऊन नाई मागितला? भांडले असते तर मी सुटलो असतो.